राजा गेला, मठ राहिला

इंग्लंडच्या मध्यभागी लेस्टर नावाचं शहर आहे. आपल्याकडच्या पुष्कळांना ते तिथल्या गुजराती वस्तीमुळे ठाऊक असतं. १९७२ मध्ये युगांडातून हाकलल्या गेलेल्या अनेक भारतीय कुटुंबांनी या शहरात बस्तान बसवलं आणि भारताबाहेरच्या मोठ्या दिवाळ्यांमध्ये आज लेस्टरच्या दिवाळीची गणना होते. याच शहराच्या जुन्या भागात, कॅथीड्रलपासून हाकेच्या अंतरावर, गाड्या उभ्या करायची एक साधीशी जागा होती. डांबर घातलेली, भोवती विटांच्या भिंती असलेली. महापालिकेच्या एका खात्यातले कर्मचारी सकाळी तिथे गाडी लावत आणि संध्याकाळी घेऊन जात. डिसेंबर २०१७ मध्ये ब्रिटिश सरकारने ही जागा आणि तिच्या आसपासचा काही भाग राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केला.

स्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बुरूज येतो, कमान येते, निदान एखादा मोडका खांब तरी येतो. इथे यातलं काहीच नाही. जे आहे ते जमिनीच्या खाली आहे. सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या एका मठाचे पाये, त्याच्या फरशा, त्याच्या कबरी.

आपल्यापैकी काहींना आता आठवलं असेल. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये एका कार पार्कखाली सापडला, ही बातमी आपल्याकडेही छापून आली होती. तीच ही जागा. तेव्हा राजा सापडला म्हणून जागा संरक्षित झाली, असं सरळ गणित कुणीही मांडील. पण तारखा पाहिल्या की गंमत लक्षात येते. रिचर्डला मार्च २०१५ मध्ये लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये समारंभपूर्वक पुन्हा दफन करण्यात आलं. म्हणजे २०१७ मध्ये सरकारने ही जागा संरक्षित केली तेव्हा राजा तिथे नव्हताच. मग राखलं ते काय? आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

त्यासाठी आधी हा मठ कुणाचा होता ते पाहू. ख्रिस्ती धर्मात संन्यस्त जीवन जगणाऱ्यांचे पुष्कळ पंथ आहेत. त्यातले जुने साधू, ज्यांना इंग्रजीत मंक म्हणतात, ते गावापासून दूर, मोठमोठ्या जमिनी असलेल्या मठांत राहत. शेती, ग्रंथांच्या नकला आणि प्रार्थना यांत त्यांचं आयुष्य जाई. तेराव्या शतकाच्या आरंभी इटलीतल्या असिसी गावच्या फ्रान्सिस नावाच्या तरुणाने निराळी वाट धरली. कापडाच्या सधन व्यापाऱ्याचा हा मुलगा. त्याने घरदार सोडलं आणि सांगितलं की साधूने काहीही बाळगू नये. स्वतःपाशी नाही आणि मठापाशीही नाही. गावात राहावं, लोकांत मिसळावं, त्यांच्याच भाषेत उपदेश करावा आणि कोणी देईल त्या भिक्षेवर पोट भरावं. ज्या समाजाने माधुकरी पाहिली आहे, दारात आलेल्या गोसाव्याला पसाभर धान्य घातलं आहे, त्याला ही कल्पना समजावून सांगायची गरज नाही. या भिक्षेकरी साधूंना फ्रायर म्हणतात. फ्रायर म्हणजे बंधू. फ्रान्सिसच्या अनुयायांचा पोशाख करड्या रंगाच्या जाड्याभरड्या कापडाचा असे, म्हणून इंग्लंडात त्यांना ‘ग्रे फ्रायर्स’ हे नाव पडलं.

१२२४ मध्ये अशा नऊ साधूंची पहिली तुकडी इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातच, लेस्टरमध्ये त्यांचा मठ उभा राहिला. मठाची जागा शहराच्या तटबंदीच्या आत होती, यात काही नवल नाही. ज्यांना रोज लोकांत जायचं आहे ते लोकांपासून लांब कशाला राहतील?

या मठांची रचना बरीचशी ठरलेली असे. आपल्याकडच्या वाड्याची आठवण यावी अशी ती रचना आहे. मध्ये मोकळा चौक, त्याच्या चारी बाजूंनी ओसरी, एका बाजूला पूर्व-पश्चिम लांबीचं चर्च आणि उरलेल्या बाजूंना भोजनगृह, निजायच्या खोल्या, सभेचा दिवाणखाना. या दिवाणखान्यात भिंतीला लागून दगडी बाक असत. साधू तिथे जमून मठाच्या कारभाराविषयी बोलत. चर्चचेही दोन भाग. पश्चिमेकडचा लोकांचा, प्रवचन ऐकण्यासाठी. पूर्वेकडचा साधूंचा, जिथे ते समोरासमोर बसून दिवसातून अनेकदा प्रार्थना म्हणत. या दुसऱ्या भागाला क्वायर म्हणतात. मानाच्या माणसांची कबर व्हायची ती इथे. ही ठरलेली रचना लक्षात ठेवा. पुढे तिचं काम पडणार आहे.

हा मठ म्हणजे जगापासून अलिप्त असलेली चार भिंतींची जागा होती असंही नाही. १३९९ मध्ये दुसऱ्या रिचर्डला पदच्युत करून चौथा हेन्री गादीवर बसला. जुना राजा मेला यावर पुष्कळांचा विश्वास नव्हता. लेस्टरच्या या मठातल्या काही साधूंचाही नव्हता आणि तसं ते बोलत होते. १४०२ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांच्यातल्या काहींना फाशी देण्यात आलं. ज्यांच्यापाशी गमावण्यासारखं काही नव्हतं, त्यांनी जीव गमावला. इतिहासाच्या शालेय पुस्तकांत या साधूंना ओळभरही जागा मिळत नाही. तिसऱ्या रिचर्डवर मात्र शेक्सपिअरने आख्खं नाटक लिहिलं.

आता या रिचर्डकडे वळू. २२ ऑगस्ट १४८५ रोजी लेस्टरजवळच्या बॉसवर्थच्या रणात त्याची आणि हेन्री ट्यूडरची गाठ पडली. रिचर्ड ३२ वर्षांचा होता. लढता लढता तो मारला गेला. रणांगणावर पडलेला तो इंग्लंडचा शेवटचा राजा. त्याचं प्रेत घोड्यावर टाकून लेस्टरला आणलं गेलं, राजा खरोखरच मेला हे लोकांना पटावं म्हणून उघडं ठेवलं गेलं आणि मग कसलाही थाटमाट न करता करड्या साधूंच्या चर्चमध्ये, क्वायरमध्ये पुरलं गेलं. त्या काळच्या लेखकांनी ही जागा नोंदवून ठेवली आहे. सुमारे दहा वर्षांनी विजेत्या हेन्रीने कबरीवर एक स्मारकही करवलं. हरलेल्या राजाला अखेरचा आसरा मिळाला तो, ज्यांच्या मालकीचं काही नव्हतं अशा माणसांच्या घरी.

पण त्या घराचेही दिवस भरत आले होते. आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी फारकत घेतली आणि १५३६ ते १५४० या अवघ्या चार-पाच वर्षांत देशातले आठशेच्या वर मठ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. लेस्टरच्या मठावर १५३८ मध्ये पाळी आली. तेव्हा तिथे मोजकेच साधू उरले होते. इमारती पाडल्या गेल्या, छपराचं शिसं, तुळया, घडीव दगड, सगळं विकलं गेलं. नुसत्या भिंतीच नव्हे, तर पायातले दगडही खणून नेले गेले. दोन-तीन पिढ्यांत मठाची जागा बागेची झाली. शहराचा महापौर रॉबर्ट हेरिक याने तिथे मोठं घर बांधलं. १६१२ मध्ये ही बाग पाहिलेल्या एका पाहुण्याने लिहून ठेवलं आहे की तिथे तीन फूट उंचीचा दगडी खांब होता आणि त्यावर इथे तिसरा रिचर्ड राजा विसावला आहे, अशा अर्थाचा मजकूर कोरलेला होता.

पुढे हा खांबही नाहीसा झाला. अठराव्या शतकात जमिनीचे तुकडे पडले, मधून नवा रस्ता गेला. एकोणिसाव्या शतकात शाळा उभी राहिली, विसाव्या शतकात कचेऱ्या आल्या आणि शेवटी डांबर आलं. मठाचं नाव तेवढं रस्त्यांच्या पाट्यांवर उरलं. ग्रे फ्रायर्स आणि फ्रायर लेन या नावांचे रस्ते आजही तिथे आहेत. आपल्याकडे नाही का, वेस पाडून शंभर वर्षं झाली तरी ‘वेशीपाशी’ भेटायचं ठरतं?

जिथे खूण पुसली जाते तिथे दंतकथा उगवते. मठ पाडताना लोकांनी राजाची हाडं उकरून शहरालगतच्या सोअर नदीत फेकली, अशी गोष्ट पसरली. नकाशे काढणारा जॉन स्पीड याने ती १६११ मध्ये छापली. अभ्यासकांना असं दिसतं की त्याने आपल्या नकाशात करड्या साधूंच्या मठाचं नाव दुसऱ्याच, काळ्या साधूंच्या मठाच्या जागेवर टाकलं होतं. म्हणजे कबर शोधायची ती जागाच चुकली आणि ती सापडली नाही, याचा अर्थ लोकांनी हाडं फेकून दिली असा झाला. छापलेल्या शब्दाला लोक किती मान देतात पाहा. १८५६ मध्ये लेस्टरच्या एका नागरिकाने नदीवरच्या पुलाजवळ दगडी फलक लावला की राजाचे अवशेष इथेच कुठेतरी आहेत. दीडशे वर्षं लोक तो फलक वाचत होते.

तरीही काही अभ्यासकांना हे पटत नव्हतं. १९८६ मध्ये इतिहासकार डेव्हिड बाल्डविन यांनी एक लेख लिहून कबर ग्रे फ्रायर्सच्या परिसरातच असली पाहिजे असं मांडलं आणि एकविसाव्या शतकात कधीतरी ती सापडेलही, अशी शक्यता वर्तवली. पुढे फिलिपा लँग्ली या लेखिकेने हा ध्यास घेतला. त्यांनी पैसे उभे केले, महापालिकेला राजी केलं आणि लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाशी करार केला. तिथले प्रमुख होते रिचर्ड बकली.

आता पुरातत्त्वज्ञाची शिस्त कशी असते ते पाहा. लँग्लीबाईंना राजा हवा होता. बकली यांना मठ हवा होता. राजाला शोधायला निघालो असं कोणी म्हटलं तर व्यवसायातले लोक हसतील, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी कामाच्या पाच पायऱ्या लिहून काढल्या. पहिली, मठाचे अवशेष आहेत का ते पाहणं. दुसरी, इमारती कोणत्या दिशेने आहेत ते ठरवणं. तिसरी, त्यांतलं चर्च शोधणं. चौथी, चर्चमधला क्वायर शोधणं. आणि राजा? तो पाचव्या, शेवटच्या पायरीवर होता, आणि तिथवर पोचण्याची आशा फारशी कुणाला नव्हती.

२५ ऑगस्ट २०१२ रोजी काम सुरू झालं. चर्च पूर्व-पश्चिम असणार हे ठरलेलं, तेव्हा उत्तर-दक्षिण चर खणला तर त्याच्या भिंतींना तो आडवा छेदणारच. म्हणून तशा दोन लांब चरांनी सुरुवात झाली. पहिल्याच दिवशी, पहिल्याच चरात माणसाच्या पायांची हाडं दिसली. सामान्य माणूस असता तर त्याने तिथेच बसकण मारून सगळा सांगाडा उकरला असता. या लोकांनी हाडं झाकून ठेवली आणि काम पुढे नेलं. कारण मठाचा नकाशा हातात आल्याशिवाय ती हाडं कुणाची असू शकतात हे सांगता येणार नव्हतं. मठात दफन झालेली माणसं काही थोडी नसतात.

मग मठ हळूहळू उलगडू लागला. आधी दगडी बाकांच्या खुणा असलेला सभेचा दिवाणखाना. मग ओसरी. मग चर्चच्या भिंती. भिंती म्हणण्यापेक्षा भिंतींच्या जागा. मी मघाशी म्हटलं की पायातले दगडही लोकांनी खणून नेले होते. पण दगड काढला तरी त्याची खाच राहते, त्या खाचेत निराळी माती भरली जाते आणि जाणत्या नजरेला रंगातला तो फरक दिसतो. या मंडळींनी मठ वाचला तो बराचसा असा, त्याच्या चोरीच्या खुणांवरून. जुन्या नक्षीच्या फरशा पुन्हा वापरून केलेली फरसबंदीही मिळाली. ती बहुधा हेरिकच्या बागेतली. हे सगळं कागदावर मांडल्यावर ध्यानात आलं की पहिल्या दिवशी दिसलेली हाडं नेमकी क्वायरच्या जागेत आहेत. मगच, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ती कबर उघडली गेली.

कबर घाईघाईत खणलेली होती. प्रेताच्या मानाने तोकडी, तळाशी निमुळती, त्यामुळे डोकं वर उचललेलं राहिलं होतं. शवपेटी नव्हती. पाठीचा कणा एका बाजूला वळलेला होता. कवटीवर शस्त्रांचे घाव होते. मृत्यूच्या सुमाराच्या एकूण ११ जखमा मोजल्या गेल्या, त्यांतल्या नऊ डोक्यावरच्या. पावलं मात्र नव्हती. नंतरच्या काळातल्या कुठल्यातरी बांधकामात ती गेली असावीत. थोडी सरकून कुदळ पडली असती तर सगळाच सांगाडा गेला असता.

ओळख पटवण्यासाठी आनुवंशशास्त्राची मदत घेतली गेली. आईकडून मुलांना मिळणारा एक विशिष्ट डीएनए पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसाच राहतो. इतिहासकार जॉन ॲशडाउन-हिल यांनी रिचर्डच्या बहिणीची मुलीकडून मुलीकडे गेलेली वंशावळ शोधून काढली होती. ती येऊन थांबली लंडनमध्ये फर्निचर करणाऱ्या एका कॅनेडियन कारागिरापाशी. त्याचा डीएनए सांगाड्याशी जुळला. फेब्रुवारी २०१३ मध्ये विद्यापीठाने हा राजा रिचर्डच असल्याचं जाहीर केलं आणि २०१४ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात सविस्तर निबंध आला. राजाला पुन्हा दफन करायची वेळ आली तेव्हा ओक लाकडाची शवपेटी याच कारागिराने आपल्या हाताने बनवली.

इथवरची कथा जगभर पोचली. शहराला त्याचा फायदाही झाला. जुन्या शाळेच्या इमारतीत २०१४ मध्ये संग्रहालय उघडलं आणि कबरीची जागा काचेच्या फरशीखाली दिसेल अशी ठेवली गेली. पण मला त्यापुढचा, कमी गाजलेला भाग महत्त्वाचा वाटतो.

जुलै २०१३ मध्ये पुरातत्त्वज्ञ पुन्हा त्या जागी गेले. आता राजा सापडला होता, घाई नव्हती. या वेळी चर्चच्या पूर्व टोकाचा भाग अधिक मोकळा केला गेला. तिथे दगडाच्या पेटीत शिशाची बंद पेटी मिळाली. एवढी भारी पेटी म्हणजे आत मठाचा एखादा मोठा धर्मगुरू किंवा सरदार असणार, असा सर्वांचा कयास. पेटी प्रयोगशाळेत उघडली तेव्हा आत निघाली एक वृद्ध स्त्री. आसपासच्या ज्या कबरी तपासल्या गेल्या त्यांतही बायकांचं प्रमाण ठळक होतं. ब्रह्मचारी पुरुषांच्या मठात, अगदी मानाच्या जागी, या बायका कशा? त्यांची नावं कुठेही नोंदलेली नाहीत. त्या या साधूंच्या आश्रयदात्या असाव्यात, मठाला अन्नवस्त्र पुरवणाऱ्या असाव्यात, असं म्हणता येतं. भिक्षेवर चालणारा मठ म्हणजे शेवटी कुणाच्या तरी स्वयंपाकघरावर चालणारा मठ. ती स्वयंपाकघरं कुणाच्या हातात होती ते या कबरी सांगतात. राजाविषयी आपल्याला निदान शत्रूंनी लिहिलेलं वाचायला मिळतं. या बायकांविषयी बोलणारं जमिनीखेरीज दुसरं कुणी नाही.

आणि सगळ्या कबरी उघडल्या गेल्या नाहीत, हेही लक्षात घ्या. काही दिसल्या, नोंदल्या आणि तशाच राहू दिल्या. मठाचा मोठा भाग आजही न खणलेला आहे. भोजनगृह, निजायच्या खोल्या, स्वयंपाकघर अजून जमिनीच्या पोटात असू शकतात. त्यांच्याही खाली रोमन काळातलं लेस्टर आहे. शेजारच्याच कॅथीड्रलच्या आवारात झालेल्या उत्खननात रोमन काळातलं एक तळघर आणि वेदीचा दगड सापडल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं, त्यावरून या मातीची श्रीमंती कळते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. २०१७ मध्ये राखलं गेलं ते हे न वाचलेलं. ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांसाठीचा पहिला कायदा १८८२ मध्ये झाला. सध्याचा १९७९ चा आहे. त्याखाली एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० स्थळांची नोंद आहे आणि त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी जमिनीवर पाहण्यासारखं फारसं काही नाही. नोंद झाली की सरकारच्या लेखी परवानगीवाचून तिथे खणता येत नाही, भर टाकता येत नाही, पाया घालता येत नाही. हे बंधन बिल्डरला आहे तसं पुरातत्त्वज्ञालाही आहे. ते बरोबरच आहे, कारण उत्खनन ही एकाच वेळी वाचण्याची आणि पुसण्याची क्रिया आहे. मातीचा थर एकदा काढला की तो परत घालता येत नाही. पन्नास वर्षांपूर्वी त्या कबरीला कुदळ लागली असती तर डीएनए तपासणीचं तंत्रच नव्हतं. एक बेवारस सांगाडा म्हणून तो गेला असता. पुढच्या पन्नास वर्षांत कोणती साधनं येतील ते आपल्याला ठाऊक नाही. तेव्हा काही पानं पुढच्यांसाठी न उघडता ठेवणं हेही इतिहासाचंच काम आहे.

यात एक विचित्र योगायोग आहे. मठाला इतकी शतकं सांभाळलं ते कुणाच्या आस्थेने नाही. आधी बागेने सांभाळलं, मग डांबराने. डांबराच्या जागी उंच इमारत आली असती तर तिच्या खोल पायाने सगळं संपवलं असतं. पण दैवावर किती काळ भरवसा ठेवणार? दैवाने केलेलं काम २०१७ मध्ये कायद्याने आपल्या हाती घेतलं, इतकंच.

हे सगळं वाचताना मला आपलं जुनं गोवं सारखं आठवत होतं. तिथल्या टेकडीवर सेंट ऑगस्टिन चर्चचा अर्धा उरलेला मनोरा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ती जागाही फ्रायरांच्याच मठाची. ऑगस्टिनियन पंथाचे हे साधू १५७२ मध्ये गोव्यात आले. पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये मठ रिकामा करायला लावला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं आणि पुढच्या शतकात दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. तिथली मोठी घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये वाजते. ही जागा मध्ययुगातली नाही, पण गोष्ट लेस्टरच्या जुळ्या भावाची वाटावी अशी आहे.

जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासने १६२४ मध्ये हाल करून मारलं. तिचे काही अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी १६२७ मध्ये गोव्याला आणले. मठात ते कोणत्या खिडकीपाशी, दगडी पेटीत ठेवले, हे जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत लिहिलेलं होतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अभ्यासकांनी त्या वर्णनाच्या आधारे ढिगाऱ्याखालची ती जागा शोधली. तिथे हाड सापडलं. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने त्याचा डीएनए तपासला आणि तो भारतात अतिशय दुर्मीळ, पण जॉर्जियात आढळणाऱ्या वंशगटाचा निघाला. जुलै २०२१ मध्ये भारत सरकारने ते हाड जॉर्जियाच्या स्वाधीन केलं. तिथे ती संत मानली जाते. आपल्या देशाने दाखवलेला हा मनाचा मोठेपणा होता आणि आपल्या शास्त्रज्ञांचं काम लेस्टरच्या तोडीचं होतं.

पण इथेही तोच प्रश्न उरतो. राणी गेली, मठ राहिला. त्या टेकडीवर मी अनेकदा गेलो आहे. माणसं मनोऱ्याकडे पाठ करून छायाचित्र काढतात आणि पाच मिनिटांत परततात. पायाखालच्या कोरीव कबरींच्या शिळा, ओसरीचे पाये, खोल्यांच्या रांगा, चिनी बनावटीच्या खापरांचे तुकडे ज्या मातीत मिळतात ती माती, यांकडे बघायला सवड नसते. उंच आहे ते स्मारक, अशी आपली समजूत झाली आहे.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९५८ चा केंद्रीय कायदा आहे, २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित जागेभोवतीच्या १०० मीटरमध्ये बांधकामाला मनाईही आहे. पण केंद्राच्या यादीत देशभरातली साडेतीन हजारांहून थोडी अधिक स्मारकं आहेत. देशाचा विस्तार आणि वय पाहता हा आकडा लहान आहे, आणि यादीबाहेरच्या जागांचं रक्षण आपल्यावाचून कोण करणार? महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांना जुन्या वस्तीचं टेकाड आहे. आपण त्याला पांढर म्हणतो. शेकडो वर्षांच्या चुली, भिंती, राख, हाडं कुजून ती माती पांढुरकी झालेली असते. तिच्यात खापरं मिळतात, मणी मिळतात, कधी नाणी मिळतात. आणि तीच माती आपण गाड्या भरभरून शेतात टाकायला, घराला लिंपायला नेतो. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण त्या गाडीतून कुणा साध्या माणसाचा एकुलता एक पुरावा जात असतो.

लेस्टरच्या लोकांना राजा मिळाला, संग्रहालय मिळालं, पर्यटक मिळाले. त्यानंतर त्यांना तो डांबराचा तुकडा विकून मोकळं होता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. कारण राजाचा पत्ता त्यांना मठानेच दिला होता. मठाची रचना कळली म्हणून राजा ओळखू आला. आणि त्या मठात फाशी गेलेले साधू होते, नाव नसलेल्या बायका होत्या, दारोदार भिक्षा मागणारे आणि ती घालणारे होते. इतिहास बहुतेक वेळा अशाच माणसांच्या घरात राहतो. राजा तिथे कधीतरी पाहुणा म्हणून येतो. आपल्या गावच्या पांढरीवरून पुढच्या वेळी जाल तेव्हा दोन मिनिटं थांबा आणि पायाखाली बघा. खापराचा तुकडा दिसला तर उचलू नका, जिथे आहे तिथे राहू द्या. तो वाचणारं कुणीतरी येणार आहे.